औषध पोटात जायचं, अंगी लागायचं नाही

माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. लहानपणी त्याचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. मी हे सगळ्यांना सांगायचे आणि सगळे म्हणायचे, घामाचं असेल. पावणेदोन वर्षांचा असताना पुण्यात त्याच्या घामातलं क्लोराइड तपासलं, ते ९८ निघालं. ६० किंवा त्याच्या वर म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, अंगातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार.

पुढची तीन वर्षं नेब्युलायझर, पाठ थोपटून कफ मोकळा करणं आणि वजनाचा काटा यातच गेली. पाच वर्षांचा झाल्यावर तो रात्री पोटऱ्या धरून रडायला लागला. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११. निदान ३० तरी हवं, असं डॉक्टर म्हणाले आणि रोज १००० युनिटचे थेंब सुरू केले.

सासूबाईंचं म्हणणं, पोराला कोवळ्या उन्हात बसव. बसवलं की! पण डी तयार होतं ते मुख्यतः दुपारच्या आसपासच्या उन्हात, आणि आमच्या सांगलीच्या एप्रिलमध्ये त्या वेळी याला बाहेर ठेवायची सोयच नाही. याच्या घामातून मीठ इतकं जातं की उन्हाळ्यात पाण्यात मीठ-साखर घालून पाजावं लागतं.

तीन महिन्यांनी गावातल्याच दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्टवर ३५! मी आनंदाने माहेरी फोन केला. पुण्यात डॉक्टरांनी कागद पाहिला आणि आकड्याच्या पुढे बोट ठेवलं. पहिला रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये होता, हा नॅनोमोलमध्ये. अडीचने भागायचं. म्हणजे १४. मला तिथेच रडू आलं. एवढे महिने एकही दिवस न चुकवता थेंब दिले होते. तेव्हापासून मी लॅब बदलत नाही, आणि आकड्याआधी एकक वाचते.

डोस २००० झाला. पण खरी गोष्ट विचारली ती तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी.

"ताई, थेंब कधी देता?"

"सकाळी उठल्या उठल्या. उपाशीपोटी औषध चांगलं लागतं ना?"

"आणि एन्झाइम?"

"ते नाश्त्याला, तासाभराने."

त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थात विरघळणारी. याच्या स्वादुपिंडातला रस घट्ट स्रावाने अडतो, आतड्यात पोचत नाही, म्हणून तूप-तेल पचत नाही आणि त्याच्यासोबत डीसुद्धा शीवाटे निघून जातं. थेंब द्यायचे ते तुपाच्या जेवणासोबत आणि त्या जेवणाची एन्झाइमची, म्हणजे पचनरसाची, कॅप्सूल घेऊनच. बाकी औषधांच्या सवयीने मी उपाशीपोटी देत होते, आणि हे आधी कुणी सांगितलंही नव्हतं.

एन्झाइमची बाटली कुठे ठेवता, हेही त्यांनी विचारलं. फ्रिजच्या वर, हाताशी. ती जागा गरम असते आणि उष्णतेने एन्झाइमचा जोर कमी होतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याची शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी आणि उग्र वासाची व्हायची, त्यात याचाही वाटा असणार. नवी बाटली आणली ती आतल्या खोलीतल्या थंड कपाटात ठेवली.

आता रात्रीचं जेवण ठरलेलं. कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे शिजवलेल्या सफरचंदाच्या गार गरावर पसरायचे, चमचाभर, दुधात किंवा गरम भातात नाही. न चावता गिळायचं, वर पाणी. मग मी "आ कर" म्हणते आणि हिरड्यांच्या कडेला एखादा दाणा अडकला आहे का ते बघते, कारण राहिला तर तोंड येतं. मग वरणभातावर दोन चमचे तूप आणि पहिल्या घासात थेंब. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण तो स्वतः करतो.

मधेच एका नातेवाइकाने साठ हजार युनिटची पुडी आणून दिली, आठवड्याला एक दे म्हणाले. मी दिली नाही. डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. आकडा वाढत नाही म्हणून आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही, यावर मी ठाम राहिले आणि घरात थोडी कटुता आली ती सोसली.

बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच एककात: ३३. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला. पोटऱ्या दुखणं त्याआधीच थांबलं होतं, रात्री तो सलग झोपायला लागला होता. पुढची तपासणी थंडी संपता संपता, फेब्रुवारीत. त्या तारखेभोवती त्याने आत्ताच लाल पेनने गोल केला आहे.