शब्दांची वही, टप्पा चौथा : ळ, चऱ्हाट आणि बेपत्ता शब्द

आधी आजची स्थिती. कोशाच्या ४१२ नोंदी झाल्या, त्यातल्या ३८९ स्कीमातून, म्हणजे नोंदीच्या रचनेच्या नियमांतून, सुखरूप पार पडल्या. याशिवाय ३७ शब्द बेपत्ता आहेत. बेपत्ता म्हणजे काय, ते पुढे येईलच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: साताऱ्याकडच्या शेतीतले जुने शब्द आत्याकडून गोळा करून त्यांचा छोटा कोश करतोय. मोट, कुळव, तिफण, बळद, तिवडा असले शब्द. पहिला प्रयत्न २००४ साली केला होता, तेव्हाच्या एका डीटीपी फॉण्टात. फॉण्ट गेला, फायली उरल्या. आता त्या उघडल्या की रोमन अक्षरांची भेळ दिसते. तेव्हाच कानाला खडा लावला: मजकूर युनिकोडात (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक), रचना एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या तुकड्यांना नावाचे टॅग लावायची पद्धत) आणि अवजारं ओपन सोर्स. उद्या कुणी दुकान बंद केलं तरी माझं अडायला नको.

एक्सएमएल १.० वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं १९९८च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. टॅगची नावं देवनागरीत ठेवायची मुभा त्यात पहिल्यापासून आहे, पण वापरताना कुणी दिसत नाही. माझी एक नोंद अशी:

<नोंद><शब्द>पाचुंदा</शब्द><अर्थ>पाच पेंढ्या एकत्र बांधून होणारा भारा</अर्थ><पाहा>पेंढी</पाहा></नोंद>

आत्याच्या दहावीतल्या नातवाला ही फाइल दाखवली तर त्यानं काही न विचारता त्यातली चूक काढून दिली. बाहेर द्यायची वेळ आली की एक एक्सएसएलटी फाइल (एक्सएमएलचं रूप बदलायच्या सूचना) हेच सगळं टीईआय या जगभर चालणाऱ्या मानकातल्या, कोशासाठीच्या टॅगांत बदलून देते. घरी बोली, चारचौघांत प्रमाण.

आता या महिन्याचं दुखणं: अकारविल्हे.

एक्सएसएलटी चालवणाऱ्या एक्सएसएलटीप्रॉकला भाषा न सांगता सॉर्ट करायला लावलं तर तो युनिकोडच्या क्रमानं लावतो. हा क्रम मराठीला बराच मानवतो. अनुस्वार आधी, मग व्यंजनं, मग काना-मात्रा आणि हलन्त सगळ्यात शेवटी, म्हणजे जोडाक्षरं बाराखडीनंतर येतात. अडतं ते ळपाशी. युनिकोडात ळ बसलाय ल आणि व यांच्या मधोमध, आपल्या वर्णमालेत तो हच्या मागे. त्यामुळे 'मळणी' आली 'मशागत'च्या आधी. भाषा सांगून पाहिली, तर एक्सएसएलटीप्रॉक यंत्राच्या लोकॅलवर, म्हणजे भाषेच्या सेटिंगवर, विसंबतो. माझ्याकडे एक क्रम, भावाच्या लॅपटॉपवर दुसरा.

मग सॉर्टसाठी ळच्या जागी देवनागरीच्या पट्ट्यातलं अगदी शेवटचं अक्षर घालायचं ठरवलं. वाटलं, झालं काम. छापून बघतो तर 'मळणी' पार 'मोट'च्याही मागे, मच्या रांगेत शेवटची. डोकं खाजवल्यावर कळलं: ते अक्षर हच्या मागे आहे हे खरं, पण काना-मात्रांच्याही मागे आहे. म्हणजे 'मळ' हा 'मा', 'मि', 'मो' सगळ्यांच्या नंतर जाणार. मला हवं होतं हच्या मागचं, पण कान्याच्या पुढचं अक्षर. कोष्टक उघडलं आणि नेमका तिथे अवग्रह बसलेला! ऽ. माझ्या कोशात तो एकाही शब्दात नाही. ळच्या जागी ऽ घातला आणि 'मशागत, मळणी, माळवं, मोट' शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले. हे फक्त सॉर्टच्या किल्लीत. छापताना मूळ शब्दच येतो.

दुसरं प्रकरण चऱ्हाटाचं. 'पाहा'मध्ये लिहिलेल्या शब्दाची नोंद सापडली नाही तर माझी एक्सएसएलटी तिथे लाल अक्षरात 'बेपत्ता' छापते. 'नाडा' या नोंदीखाली 'चऱ्हाट' बेपत्ता आलं, आणि 'चऱ्हाट' तर डोळ्यांसमोर होतं. तासभर स्पेलिंग तपासत बसलो. शेवटी बाइट उघडून पाहिले. मी लॅपटॉपवर टाइप केलेल्यात ऱ आणि हलन्त होता. भावानं मोबाइलवरून पाठवलेल्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही अर्धे र जुळे भाऊ. एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही यांना एक करत नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता स्किमॅट्रॉनचा (एक्सएमएल तपासायचे आपले नियम लिहायची भाषा) एक नियम लिहिलाय: शब्दात झेडडब्ल्यूजे दिसला की थांबायचं. त्याची खरी मजा अशी की चुकीचा निरोप आपल्या भाषेत लिहिता येतो. माझा म्हणतो, 'इथे चोरटा जोडक आहे, ऱ वापर.' टर्मिनलमध्ये मात्रा इकडेतिकडे सांडतात, पण वाचता येतं.

बाकीची अवजारं नेहमीचीच. स्कीमा रिलॅक्स एनजी या स्कीमाभाषेच्या कॉम्पॅक्ट लिपीत, तपासायला जिंग हा प्रोग्रॅम. एक्सएमएललिंटही रिलॅक्स एनजी तपासतो, पण त्याचे निरोप कोड्यात बोलतात. स्किमॅट्रॉन आणि जड एक्सएसएलटीसाठी सॅक्सन एचई, एक्सएसएलटीच्या नव्या आवृत्त्या चालवणारा. पहिल्या अक्षरानुसार गट पाडायला एक्सएसएलटी १.० मध्ये मुएंखची म्हणून ओळखली जाणारी कसरत करावी लागते. सॅक्सनमध्ये ते एका टॅगात होतं, म्हणून हळूहळू सगळं तिकडेच नेतोय. कोशाच्या ईपबची (ई-पुस्तकाची) पहिली प्रत काढली, तर ती तपासणारा ईपबचेक लगेच ओरडला: माइमटाइप नावाची फाइल झिपमध्ये सगळ्यात पहिली हवी, तीही न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली). दुरुस्त केलं.

एक अर्थही सुधारला. 'सोंदूर' या मोटेच्या दोरापुढे मी 'नाडा' असं लिहून मोकळा झालो होतो. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, नाडा जाड, मोटेच्या तोंडाला. सोंदूर बारीक, सोंडेला. दोन्ही एकच असते तर मोट रिकामी कशी झाली असती?" आता त्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या.

बेपत्ता ३७ शब्दांची यादी काल तिला पाठवली. पहिलाच शब्द थारोळं. त्यावर साडेचार मिनिटांचा आवाज आलाय. निम्मा अर्थ, निम्मं विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून झालेलं भांडण. ते कुठल्या टॅगात घालायचं, अजून ठरत नाही.