साक्षीदाराचा फोन आणि अडकलेला 'से'

माझा फोन ४२ दिवस पोलीस ठाण्यात होता. मी आरोपी नव्हते आणि फिर्यादीही नव्हते. जुळे सोलापुरात आमच्या घरासमोर रात्री मारामारी झाली, ती मी गॅलरीतून मोबाईलवर घेतली, एवढाच माझा संबंध. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला गेले, व्हिडिओ दाखवला, आणि पंचनामा होऊन फोनच जप्त झाला. पुरावा देणं माझं काम होतं, ते मी उद्याही करीन. पण त्या फोनमध्ये शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी होत्या, माझ्या ऑपरेशनचे रिपोर्ट होते, मुलीचे फोटो होते. मारामारी होती दीड मिनिटाची.

डुप्लिकेट सिम त्याच दिवशी मिळालं. वकीलताईंनी नव्या कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्जही लगेच लावला. गाडी अडली ती 'से'वर. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, त्याला 'से' म्हणतात, आणि तो आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पहिल्या तारखेला से नाही. दुसऱ्या तारखेला तपासी अंमलदार बंदोबस्तावर. ठाण्यात गेलं की "कोर्टातून पत्र आलं नाही", कोर्टात गेलं की "पत्र कधीच गेलंय". शेवटी मी पत्राचा जावक क्रमांक लिहून घेतला आणि तो घेऊन ठाण्यात गेले. हे पहिल्याच दिवशी करा, माझे आठ दिवस त्यात गेले.

त्याच फेरीत मुद्देमाल कारकुनांनी नंबर ताडून बघायला माझं पाकीट कपाटातून काढलं. खाकी पाकीट, वर लाखेचं सील, चिठ्ठीवर गुन्हा नंबर आणि पंचांच्या सह्या. आणि सह्यांच्या खाली निळ्या बॉलपेनने माझा सहा आकडी पिन. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

पिन मीच सांगितला होता. पंचनाम्याच्या वेळी "पिन काय?" म्हणून विचारलं आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकला. तो चिठ्ठीवर जाईल असं मनातही आलं नाही. सहा आकड्यांचा पिन म्हणजे दहा लाख शक्यता, आणि चुकीचे आकडे पडत गेले की फोन पुढच्या प्रयत्नाला जास्त जास्त वेळ थांबवतो. आतली माहिती ज्या किल्लीने कुलूपबंद असते ती या पिनशी आणि फोनच्या चिपशी बांधलेली असते. २०१६ साली अमेरिकेत एका हल्लेखोराचा आयफोन उघडून मिळावा म्हणून एफबीआयला ॲपलविरुद्ध कोर्टात जावं लागलं, ते या कुलपामुळेच. आणि माझी किल्ली पाकिटावर चिकटवलेली होती! चिठ्ठीवर पंचांच्या सह्या आहेत, खाडाखोड करता येणार नाही, असं कारकून म्हणाले. सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याचा आवाज चढला, मी यांना बाहेर बसवलं आणि तिथेच वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहून आवकचा शिक्का घेतला.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी शेवटची संधी दिली आणि से आला: फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायचा आहे, परत देऊ नये. मला रडूच आलं. वकीलताई मात्र तयारीत होत्या. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर महिनाभर, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात म्हटलंय, ते त्यांनी वाचून दाखवलं. आणि मागितलं एवढंच, की हवी आहे ती एक फाईल काढून घ्या. तसाच आदेश झाला. माझ्यासमोर व्हिडिओची प्रत काढली, तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा, लिहून घेतली. एक अक्षर बदललं तरी तो अंगठा जुळत नाही. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते. हे काम अर्ध्या तासात उरकलं. पहिल्याच दिवशी झालं असतं तर!

पिन सांगायची सक्ती करता येते का, यावर आपल्याकडच्या कोर्टांत वेगवेगळी मतं पडलीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण तर आरोपीसाठी आहे. पण साक्षीदार असाल तर एवढं नक्की करा: पिन तोंडाने सांगू नका, फोन उघडायचाच असेल तर स्वतःच्या बोटाने उघडा. आता जप्तीचं चित्रीकरण होतं, बोललेला पिन त्यातही जातो. फोनमधला हवा तो व्हिडिओ तेवढा काढून घ्या, अशी विनंती लेखी द्या. पाकिटात फोन बंद करूनच जाऊ द्या. बंद फोन सुरू केल्यावर पहिल्यांदा पिन पडेपर्यंत आतलं बहुतेक सगळं कुलपातच राहतं, अंगठाही चालत नाही. आणि हो, फोनचं बिल जपा. आयएमईआय नंबर असलेलं बिल नव्हतं म्हणून सुपूर्तनाम्याच्या, म्हणजे फोन ताब्यात मिळण्याच्या दिवशी मला नवी पेठेतल्या दुकानात परत पळावं लागलं.

फोन हातात आला तेव्हा बॅटरी पार उतरली होती. ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर चार्जर मागून घेतला आणि चहा यायच्या आत पिन बदलला. जुना पिन मुलीची जन्मतारीख होती. खटला संपेपर्यंत फोन विकायचा नाही, मूळ व्हिडिओ पुसायचा नाही, असं बंधपत्रात लिहून दिलंय. समन्स आलं की तो घेऊन जाईन.