अर्ध्या यार्डावर राहिलेलं लॉस एंजेलिस

हे प्रवासवर्णन म्हणून लिहायला घेतलंय खरं, पण ॲरिझोनात नेमकं काय पाहिलं असं कुणी विचारलं तर मला आठवतं ते एक पार्किंग लॉट, एक स्टेडियम आणि 1 जानेवारीला सकाळी दिसलेला दगडाला पडलेला एक भोकसा. सेडोना राहिलं, ग्रँड कॅन्यन राहिलं, बायकोने काढलेली अख्खी यादी राहिली, कारण ज्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी गेलो होतो तो संपल्यावर मी दीड दिवस माणसात नव्हतो.

माझं मिशिगनचं वेड, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचं, 2008 पासूनचं. ॲन आर्बरला, त्याच विद्यापीठात, एमएस करायला आलो त्या वर्षी टीम 3-9 गेली होती, म्हणजे तीन जिंकून नऊ हरली होती, टोलेडोसारख्या शेजारच्या छोट्या कॉलेजकडून घरच्या मैदानावर 13-10 हरली होती, आणि एक लाखाच्या वर माणसं थंडीत बसून तो तमाशा बघत होती. मला डाऊन म्हणजे काय ते कळत नव्हतं पण हरल्यावर गप्प बसलेलं एवढं मोठं स्टेडियम आधी कधी पाहिलं नव्हतं, तिथेच अडकलो बहुतेक. सांगलीच्या पोराला पिवळ्या-निळ्याचं एवढं काय, असं आई अजून विचारते. तिला काय सांगणार.

तर 2022 चा सीझन. 13-0. आमच्या हाडवैरी ओहायो स्टेटला त्यांच्या घरात घुसून 45-23, मग कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटाच्या, फायनलला पर्ड्यूला 43-22. चार टीमच्या प्लेऑफमध्ये आम्ही दोन नंबरला, समोर टीसीयू, म्हणजे टेक्सासमधलं फोर्ट वर्थचं कॉलेज, जे आदल्या वर्षी 5-7 होतं. सेमीफायनल 31 डिसेंबरला, फिएस्टा बोल (बोल म्हणजे सीझनअखेरचा मोठा सामना), ग्लेंडेल, फिनिक्सच्या शेजारी. फायनल 9 जानेवारीला लॉस एंजेलिसला. आणि इथे मी ती चूक केली. ओहायो स्टेटला हरवलं त्याच रात्री, आनंदाच्या भरात, मी लॉस एंजेलिसचं हॉटेल बुक केलं. तीन रात्री. नॉन-रिफंडेबल, कारण चाळीस डॉलर स्वस्त पडत होतं. बायको फक्त एवढंच म्हणाली, "बाजारात तुरी." पुढचं बोललीपण नाही. पुढचं मला माहीत होतं, भट भटणीला मारी.

आमच्याबरोबर तिसरा गडी म्हणजे नागपूरकर, माझा ॲन आर्बरचा रूममेट, आता शिकागोला असतो. ख्रिसमसच्या आसपास जे वादळ आलं त्यात देशभर विमानांची वाट लागली होती हे आठवत असेल, आमचंही डेट्रॉइटचं विमान 29 ला कॅन्सल झालं, मेसेज आला रात्री अकराला. कस्टमर केअरला दोन तास तेच एक म्युझिक ऐकल्यावर 30 ला शिकागोहून सीट मिळाल्या, मग पहाटे तीनला गाडी काढली आणि I-94 हायवेने चार तास, काळोखात, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, मागच्या सीटवर तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि बायको, दोघंही शांत. नागपूरकर एअरपोर्टवर भेटला तर पिवळी टोपी, पिवळा स्कार्फ, पिवळे मोजे. म्हटलं हे काय, तर म्हणे, "होऊन जाते बे, टेन्शन नको घेऊ."

आणि एक सांगायलाच हवं, मिशिगनचा शर्ट घालून विमानतळावर फिरणं हा एक वेगळाच अनुभव असतो. अनोळखी माणूस समोरून येतो, तुमच्या छातीवरचा एम बघतो, "गो ब्लू" म्हणतो, आपण "गो ब्लू" म्हणायचं, संपलं. आपल्याकडे गावात "राम राम" म्हणतात तसंच. ओ'हेअरच्या सिक्युरिटी लाईनपासून फिनिक्सच्या रेंटल कारच्या बसपर्यंत मी हे पंचवीसेक वेळा तरी केलं असेल, एक आजोबा तर व्हीलचेअरवरून मूठ वर करून ओरडले. परतीच्या प्रवासात हेच गो ब्लू लोक हळू आवाजात म्हणत होते, मयताला भेटल्यासारखं.

ग्लेंडेलचं स्टेडियम बाहेरून एखाद्या चकचकीत पातेल्यासारखं दिसतं, आजूबाजूला सपाट. त्याची खरी गंमत आतल्या मैदानात आहे. ते खरं गवत आहे आणि एका अवाढव्य ट्रेमध्ये लावलंय, सामना नसला की तो अख्खा ट्रे रुळांवरून बाहेर उन्हात नेऊन ठेवतात, सामन्याच्या आधी परत आत ढकलतात. मला आमच्या घरी गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवले, पाऊस आला की धावत आत आणायचे.

सकाळी दहापासून पार्किंगमध्ये होतो. मिशिगनमध्ये डिसेंबरात टेलगेट, म्हणजे सामन्याआधीची पार्किंगमधली पार्टी, हे हातमोजे घालून खाणं, इथे लोक टी-शर्टवर. शेजारी टीसीयूवाल्यांचा तंबू होता, सगळं जांभळं, त्यांचं चिन्ह म्हणजे हॉर्न्ड फ्रॉग, नाव बेडकाचं पण असतो तो सरडा, हे मला त्यांच्यातल्याच एका काकूंनी समजावून सांगितलं. फार गोड माणसं हो, हाच तर त्रास आहे. ओहायोवाले असते तर हरल्यावर शिव्या तरी देता आल्या असत्या. काकूंनी ब्रिस्केट (बीफ) पुढे केलं, आम्ही म्हटलं आम्ही खात नाही, तर त्यांनी भाजलेली मक्याची कणसं आणून दिली, आम्ही चकल्या दिल्या. त्यांच्या नवऱ्याने एकापाठोपाठ सहा खाल्ल्या आणि विचारलं हे कुठलं बिस्कीट. जाताना म्हणाले, "मजा करा, मुलांनो, तुमची टीम भारीच आहे." मी मनात म्हटलं, माहितीये काका.

दोन वाजता सुरू. पहिल्याच खेळीत डोनोवन एडवर्ड्स 54 यार्ड पळाला. मी नागपूरकराच्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की त्याची बिअर पुढच्याच्या खांद्यावर. पुढे गोल दोन यार्डांवर, चौथा आणि शेवटचा डाव (डाऊन), म्हणजे पुढे सरकायचा शेवटचा प्रयत्न. आता फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो, ह्या पोरांनी अख्खा सीझन समोरच्याला सरळ रेटून रेटून जिंकला होता, कबड्डीत थाई होल्ड मारून घेतात तसं, देशातली सगळ्यात दांडगी लाईन आमची. दोन यार्ड म्हणजे सहा फूट. आडवं पडलं तरी पोचतो माणूस. आणि आम्ही काय केलं, तर तिथे ट्रिक प्ले काढला, ह्याने त्याला द्यायचा, त्याने तिसऱ्याला, तो गोंधळला आणि मागेच पकडला गेला. बायकोला ह्या खेळातलं फारसं कळत नाही, ती म्हणाली, "एवढ्या जवळ येऊन असा खेळ का करायचा?" मला आजही ह्याचं उत्तर मिळालेलं नाही. सरळ घुसायचं ना. घुसून अडले असते तर मला काही म्हणायचं नव्हतं.

त्यानंतर पिक-सिक्स. म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकने फेकलेला पास समोरच्याने मध्येच उचलायचा आणि उलटा पळत येऊन आपल्याच घरात सहा पॉइंट टाकायचे. अशा दोन. दोन! एक पहिल्या हाफमध्ये, एक नंतर. एकूण हरलो 51-45 ने, म्हणजे सहा पॉइंटनी, आणि त्यातला एक जरी पिक-सिक्स नसता तर, असं मी परतीच्या विमानात बोर्डिंग पासच्या मागे लिहून काढलं होतं. बायकोने तो कागद काढून घेतला.

पण जीव खरा गेला तो तिथे नाही. 14-3 असताना आम्ही त्यांचा पास उचलला, लगेच रोमन विल्सनने लांबलचक कॅच घेतली आणि घसरत एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेच्या पलीकडे. पंचांनी दोन्ही हात वर केले, टचडाऊन! आमची बाजू वेडी झाली, नागपूरकर मला मिठी मारून रडायच्या बेतात. मग स्क्रीनवर रिप्ले. एकदा, दोनदा, पाच वेळा. गुडघा आधी टेकला की बॉल आधी आत गेला. मला स्पष्ट दिसत होतं की आत आहे, शेजारच्या जांभळ्या टोपीला स्पष्ट दिसत होतं की बाहेर आहे. निर्णय बदलला, बॉल रेषेच्या जेमतेम अर्धा यार्ड अलीकडे. हरकत नाही, अर्धाच यार्ड आहे, पुढच्या डावात जाऊ. पुढच्या डावात आमच्या पोराच्या हातातून बॉल निसटला आणि एंड झोनमध्ये त्यांच्या माणसाने त्यावर उडी मारली, म्हणजे बॉल त्यांचा.

2019 च्या वर्ल्डकप सेमीफायनलला मँचेस्टरमध्ये धोनी रनआऊट झाला तेव्हाचा तो फोटो आठवतोय ना, बॅट आणि रेषा आणि मधली ती बोटभर जागा? मी तो सामना बेसमेंटमध्ये पहाटे उठून बघितला होता आणि तेव्हा वाटलं होतं की आयुष्यात एवढं कमी अंतर पुन्हा बघावं लागणार नाही.

हाफला 21-6, तेही जेक मूडीने 59 यार्डांवरून किक मारली म्हणून सहा. मग तिसरा क्वार्टर, ज्यात दोन्ही टीमनी मिळून 44 पॉइंट केले, पंधरा मिनिटांच्या खेळात, मी उभाच होतो, पाणीसुद्धा प्यायलो नाही. चौथ्यात 41-38 झालं. तीन पॉइंट! एवढी पिछाडी भरून काढली होती पोरांनी. मी बायकोला म्हटलं, बघ, तुरी आल्या बाजारात. आणि लगेच त्यांच्या क्वेंटिन जॉन्स्टनने साधा छोटासा पास पकडला, आमचा एक माणूस चकला, आणि तो 76 यार्ड गेला. सहा फूट चार इंच उंच पोरगा, लांब ढांगा टाकत, कुणी मागे लागलंय असं वाटतच नव्हतं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, ही तिची माणुसकी.

शेवटी एक मिनिटापेक्षा कमी वेळ, बॉल आमच्याकडे, टचडाऊन आणि त्यावरच्या किकचा एक पॉइंट मिळाला तर जिंकलो असतो. चौथ्या डावात स्नॅपच (डाव सुरू करायला मागे फेकलेला बॉल) धड आला नाही, जमिनीवर घरंगळला, धावपळ, ढकलाढकली, संपलं. त्यातसुद्धा आमच्या एकाला डोक्याला टक्कर बसली का ह्यावर रिव्ह्यू झाला, म्हणजे आशा पुन्हा दोन मिनिटं लांबवली, आणि मग नाही म्हणाले. आसपासचे लोक पंचांना काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही. माझा पंचांवर फार राग नाही खरंतर. पंच दोन यार्डांवर ट्रिक प्ले काढत नाहीत.

पार्किंगमध्ये अंधार पडला होता आणि फोन वाजला. भारतात 1 जानेवारीची सकाळ. आई.

"हॅपी न्यू इयर रे बाळा! जिंकलात ना?"

"नाही."

"बरं असू दे. जेवलास का?"

मागून बाबांचा आवाज, "अगं किती रनांनी विचार."

शेजारच्या तंबूतले ते चकलीवाले काका नेमके तेव्हाच आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले की फार सुंदर सामना झाला, तुमच्या पोरांनी हार मानली नाही. मी थँक यू म्हटलं. खरंच चांगला माणूस. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं.

हार्बॉ कोच झाल्यावरचा पहिला बोल आम्ही जिंकला होता, त्यानंतर सलग सहा हरलो, हा सहावा. फ्लोरिडा स्टेटकडून एका पॉइंटने, फ्लोरिडाकडून धुतले गेलो, आदल्या वर्षी जॉर्जियाकडून 34-11. प्रत्येक वेळी मी म्हणतो पुढच्या वर्षी बघणार नाही. पण त्या हारी घरच्या सोफ्यावरच्या होत्या. तिकीट काढून, विमान बदलून, पहाटे तीनला निघून हरायला जाणं ही वेगळी चीज आहे.

रात्री मोटेलमध्ये नागपूरकराने दुसरी सेमीफायनल लावली, ओहायो स्टेट विरुद्ध जॉर्जिया, अटलांटात. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. शेवटी ओहायो 42-41 ने मागे, 50 यार्डांची किक, गेली तर ते फायनलला. म्हणजे आम्ही घरी आणि ओहायो लॉस एंजेलिसला. उठून बसलो. तिकडे न्यूयॉर्कच्या वेळेने बरोब्बर बारा वाजत होते, आणि किक डावीकडे गेली, लांब गेली, कुठच्या कुठे गेली. आम्ही तिघंही ओरडलो, बाजूच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली आणि मग तिकडूनच आवाज आला, "गो ब्लू!" आमच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते पण नवीन वर्ष आमचं तेव्हाच लागलं. डब्यातल्या उरलेल्या पुऱ्या काढल्या. माणूस किती हलकट असतो बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला जवळजवळ ओढतच पापागो पार्कला नेलं, तोच तो भोकसा, होल इन द रॉक. लाल दगड, छोटा चढ, वर भोकात बसून अख्खं फिनिक्स दिसतं. छान आहे, जा. मी वर बसून फोनवर सामन्याचे आकडे बघत होतो.

9 जानेवारीला फायनल झाली. टीसीयूला जॉर्जियाने 65-7 ने हाणलं. 58 पॉइंटनी! म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही हरलो त्यांची ही गत, मग आमचं काय झालं असतं, का आम्ही बरे खेळलो असतो, ह्यावर नागपूरकराशी फोनवर तासभर भांडलो, तो म्हणे बरं झालं गेलो नाही बे, इज्जत वाचली. मला नाही पटत. 65-7 ने हरलो असतो तरी चाललं असतं, तिथे असतो तर.

सामना सुरू व्हायच्या तासभर आधी फोनवर लॉस एंजेलिसच्या त्या हॉटेलचा मेसेज आला होता. तुमची रूम तयार आहे, येताय ना? बायकोने तो माझ्या आधी वाचला आणि "कुणीतरी तुझी वाट बघतंय" म्हणून फोन माझ्या मांडीवर टाकून चहा टाकायला गेली.