तलंगा अंड्यावर आल्या, पण कवच पातळ

ग्रामप्रिया जातीच्या सहा तलंगांपैकी (पहिल्यांदाच अंडी द्यायच्या वयाला आलेल्या कोंबड्यांपैकी) चार अंड्यावर आल्या. उरलेल्या दोघींचे तुरे लाल होत आहेत, त्यांचीही सुरुवात जवळ आली. पण पहिल्या दहा दिवसांतली निम्मी अंडी पातळ कवचाची निघाली. दोन तर नुसत्या पापुद्र्यात होती, पाणी भरलेल्या फुग्यासारखी बोटाखाली दबणारी. एक तुसाच्या गादीवरच फुटलं आणि कोंबडीने टिपून खाल्लं. धोका खरा इथेच आहे. एकदा अंडी खायची चटक लागली की ती चांगली अंडीही फोडते आणि बाकीच्या तिचं बघून शिकतात.

नव्या तलंगांची पहिली दोन-तीन आठवड्यांची अंडी थोडी वेडीवाकडी असतातच. इथे मात्र हिशेबच चुकला होता. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. ग्रोअर म्हणजे वाढत्या वयाच्या पक्ष्यांच्या खाद्यात ते जेमतेम १ टक्का असतं, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅम खाऊन पोटात १.१ ग्रॅम. त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. वर दुपारी शिळा भात आणि पोळीचे तुकडे! त्याने पोट भरतं आणि खाद्य तेवढं कमी जातं. उरलेली कसर कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरून काढते.

लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, तेव्हा तेच सुरू करावं असं वाटतं. पण याच खुराड्यात कडकनाथचा कोंबडा आणि अडीच महिन्यांच्या दोन पिल्ल्या आहेत. अंडी न देणाऱ्यांना एवढं कॅल्शियम सोसत नाही, मूत्रपिंडं बिघडू शकतात. म्हणून सगळ्यांना ग्रोअरच ठेवलं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता टिपतात, बाकीचे फारसं तोंड लावत नाहीत. शिंपल्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असल्याने दर कोंबडीमागे रोज ८ ते १० ग्रॅम पुरतो.

चुऱ्याचा दाणा २ ते ४ मिलिमीटरचा हवा. कवच चढायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातले बरेच रात्रीचे, तेव्हा कोंबडी काही खात नसते. जाड दाणा गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात) सावकाश विरघळून रात्रभर पुरतो, पूड लवकर पुढे निघून जाते. म्हणून वाटी संध्याकाळी पाचच्या सुमारास ताजी भरायची. पहिली आणलेली पिशवी चाळली तर निम्मी धूळ, पैसे वाया गेले. बंद पिशवीपेक्षा मोकळा माल बघून घेतलेला बरा. चार दाणे लिंबाच्या रसात टाकून पाहा: शिंपला फेसाळतो, वाळू तशीच पडून राहते. घरची अंड्याची टरफलं वापरायची तर भाजून बारीक चुरून द्या, अंड्याचा आकार ओळखू येता कामा नये.

उन्हाचाही हात आहे. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाला माल कमी पडतो. दुपारी जाळीवर ओलं गोणपाट, सावलीतलं पाणी दोनदा बदलणं आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी एवढं चालू आहे. भात-पोळी पूर्ण बंद.

बारा दिवसांत फरक दिसला. आधी ४४ ग्रॅमच्या अंड्याचं वाळवलेलं कवच ३ ग्रॅम भरत होतं. कालच्या ४७ ग्रॅमच्या अंड्याचं ४.५ भरलं, आणि वाटीच्या कडेवर आपटल्यावर टणक आवाज आला. तो ऐकून फार बरं वाटलं!

अंडी खायची चटक लागलेल्या कोंबडीसाठी अंडी घालायचं उताराचं खोकं करायचं ठरलं होतं: बारा इंच खोल, मागच्या बाजूला सव्वा इंच उतार, वर कृत्रिम हिरवळीची चटई, अंडं घरंगळून झाकलेल्या कप्प्यात. पण पातळ कवचाचं अंडं घरंगळतानाच तडकतं. आधी सलग आठवडाभर कवच नीट यायला हवं, तोवर लाकडी नकली अंडं आणि दिवसातून चारदा वेचणी. पुढची पिल्लं नोव्हेंबरऐवजी श्रावणात आणायची, म्हणजे ती थंडीत अंड्यावर येतील. तेव्हा पावसात गादी कोरडी ठेवायला तूस दुप्पट लागेल, त्याची बेगमी आत्ताच करून ठेवतोय.