मूळ आणि मूय

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची माझी आंतरवासिता सध्या अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत चालू आहे. त्या दिवशी सातवीच्या वर्गावर विज्ञानाचा तास होता. विषय मुळांचा, सोटमूळ आणि तंतुमूळ. मागच्या बाकावर आमच्या कॉलेजच्या मॅडम निरीक्षण वही उघडून बसल्या होत्या. आदल्या रात्री जागून मी पुस्तकातले क्यूआर कोड आणि शाळांसाठीचं सरकारी दीक्षा ॲप चाळलं होतं. गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून शेवटी एक व्हिडिओ पेन ड्राइव्हवरच घेतला.

व्हिडिओ खरंच सुंदर होता. बी फुगतं, फुटतं, पांढरं आदिमूळ खाली वळतं, मग अंकुर वर येतो. आठ-दहा दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढं. मुळाच्या टोकाची टोपी, तिच्यामागचे केसासारखे मूलरोम. जन्मभर शेती केलेल्या माणसालाही मातीखालचं हे दिसत नाही. पोरं टक लावून बघत होती.

संपल्यावर विचारलं, "काय पाहिलं?" वर्ग गप्प. आदिमूळ कुठं जातं? गप्प. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या कानात "मूय..." म्हणाली आणि माझं लक्ष गेलेलं पाहून तिनं तोंडावर हात ठेवला.

तो हात मला ओळखीचा होता. मीही अहिराणीतच वाढले. आमच्याकडे शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, मुळाचं मूय. पाचवीत असताना मी फळ्याला 'फया' म्हणाले, अख्खा वर्ग हसला, आणि त्यानंतर किती तरी दिवस मी उत्तर येत असूनही हात वर केला नाही. व्हिडिओतल्या बाईंचं मराठी स्वच्छ, गोड, पण ते या पोरांच्या घरात कुणी बोलत नाही. दाखवलेलं सगळं त्यांना कळलं होतं. सांगायला शब्द नव्हते, किंवा जे होते ते चालणार नाहीत असं त्यांना वाटत होतं.

पाठ टाचणात नव्हतं ते मी केलं. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, आवाज पूर्ण बंद केला आणि अहिराणीतच म्हटलं, आता तुम्ही सांगा, घरी बोलता तसं.

थोडा वेळ नुसती चित्रं हलत राहिली. मग तीच मुलगी उभी राहिली. "पयले मूय खाले जास, मंग कोंब वर येस." कुणी हसलं नाही. मी फळ्यावर एका बाजूला आदिमूळ, अंकुर लिहिलं आणि समोर मूय, कोंब. दोन्ही रकाने भरायला लागले.

खरा धडा मात्र मागच्या बाकावरून आला. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याची हजेरी तुटक असते, असा एक मुलगा. सोटमूळ म्हणजे काय, हे मी चित्रावर काठी ठेवून सांगत होते. तो म्हणाला, "पराटी हातघाई निंघत नही, चिमटा लागस." शेवटची वेचणी झाली की वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, लोखंडी चिमट्यात धरून सगळं अंग मागं टाकून उपटावी लागते. ओल्या रानातली कोवळी बाजरी मात्र मुठीत सहज येते, मुळांच्या झुपक्यासकट. कुठलं मूळ खोल जातं आणि कुठलं वरच पसरतं, हे त्याच्या तळहातांना माहीत होतं. त्यानं हात पुढं करून दाखवलेसुद्धा.

तंत्रज्ञानावर आम्हाला कॉलेजात आख्खा पेपर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांचं नाव त्यात हमखास निघतं. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि सगळे बोलतात ते त्यांच्या क्यूआर कोडबद्दल. पण त्यांनी मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्येही पुस्तकं नेली होती. त्या दिवशीपासून मला कोडइतकंच हेही मोठं वाटतं. पडदा हवाच. मूलरोम मी खडूनं जिवंत करू शकत नाही. पण तो बोलत असताना पोरं गप्प बसणार असतील, तर त्याचा आवाज माझ्या हातात हवा.

मॅडमनी शेरा दिला, "साधनांचा वापर चांगला. भाषेकडे लक्ष द्यावे." मी सही केली. नंतर व्हरांड्यात त्यांना पाचवीतला 'फया' सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही माझ्या मोबाइलवर त्याच व्हिडिओला पोरांचा आवाज दिला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तरी कुणाची तरी शेळी मध्ये ओरडलीच. सोमवारी तो वर्गात लावला. स्पीकरमधून "मूय" ऐकू आलं तेव्हा त्या मुलीनं पुन्हा तोंडावर हात नेला, पण या वेळी ती हसत होती. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आखो एकदाव लावा ना."