पाणी सुटायच्या रात्री आणि झोपेचा हिशेब

८४, ८१, ८४. लागोपाठ तीन रविवार माझ्या मोबाइलवरच्या निद्रानाशाच्या ॲपने माझ्या झोपेची ही टक्केवारी दाखवली आणि तिन्ही वेळा खाली तेच वाक्य: या आठवड्यात झोपेची वेळ वाढवता येणार नाही. ८५ हवे होते. एका टक्क्यासाठी अजून सात रात्री साडेपाच तासांवर काढायच्या. तो संताप अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. सासूबाईंच्या आजारपणात सहा महिने रात्रीची उठबस झाली. त्या बऱ्या झाल्या, माझी झोप मात्र परत आली नाही. रात्री दोनला डोळे टक्क उघडायचे, ते पहाटेपर्यंत. डॉक्टरांनी थायरॉइड वगैरे तपासलं आणि गोळीच्या आधी सीबीटी करून बघा म्हणाले. विचार आणि सवयी बदलायचा हा उपचार. निद्रानाशासाठी त्याची वेगळी पद्धत आहे, आणि अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर सगळ्यात आधी हाच उपचार करा असं सांगितलंय. माझ्या कामाच्या वेळेत बसेल असं इथे कुणी मिळेना, म्हणून मुलाने ऑनलाइन कार्यक्रम शोधून दिला.

नावनोंदणी, पैसे, सात प्रश्नांची प्रश्नावली, सगळं एका संध्याकाळी उरकलं. २८ पैकी २० गुण आले. जितके जास्त, तितका त्रास जास्त.

मग झोपेची डायरी. किती वाजता आडवे झालात, किती वेळाने झोप लागली, मध्ये किती मिनिटं जागे होतात, किती वाजता उठलात. त्यावरून ॲप टक्केवारी काढतं: अंथरुणात जेवढा वेळ होतात, त्यातली खरी झोप किती. मी साडेसात तास पडून राहायचे आणि झोपायचे जेमतेम साडेपाच. म्हणून मला रात्री बारा ते साडेपाच एवढीच वेळ मिळाली. आधी वेळ आखडायची, झोप सलग होऊ द्यायची, टक्केवारी ८५ वर गेली की पंधरा पंधरा मिनिटं वाढवायची. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही रीत. पहिले दहा दिवस फार जड जातात. त्या दिवसांत मी स्कूटी घरीच ठेवली, रिक्षाने गेले. तुम्हीही तसंच करा. आणि फिट्स येत असतील किंवा बायपोलरचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप अशी कमी करायचीच नाही.

आता तो एक टक्का.

आमच्या भागात पाणी पाच दिवसांआड येतं, आणि येतं ते रात्री दोनच्या सुमाराला. शेजारच्या काकूंची हाक येते, “पाणी सुटलं गं!” की उठायचं. नळाला पाइप लावून हौद भरायचा, मग पिंपं, मग मोटार लावून वरची टाकी. सव्वा तास जातो. पाय गार पडलेले असतात, परत आडवं झालं तरी अर्धा तास डोळा लागत नाही. डायरीत मी प्रामाणिकपणे लिहायचे: जागी १०५ मिनिटं. ॲपच्या लेखी तो निद्रानाश. का जागे होतात, हे लिहायला रकानाच नव्हता.

जमाखर्च बघणारी बाई मी, तिसऱ्या रविवारी कागद घेऊन बसले. बाकीच्या रात्री ३३० मिनिटांतली २९० मिनिटं झोप, म्हणजे ८८ टक्के. पाण्याच्या रात्री २१० मिनिटं, म्हणजे ६४. आठवड्यात एक पाण्याची रात्र आली की सरासरी ८४, दोन आल्या की ८१. पाच दिवसांआड पाणी म्हटल्यावर एकही पाण्याची रात्र नाही असा आठवडा येणारच नाही. म्हणजे मी कितीही नीट झोपले तरी ८५ होणं शक्य नव्हतं.

ॲपमधल्या चॅटबॉटला लिहिलं, रात्री पाण्यामुळे जाग येते. उत्तर आलं: झोपण्यापूर्वी दोन तास पाणी कमी प्या. परत लिहिलं, नळाला पाणी येतं तेव्हा उठावं लागतं. उत्तर: गळका नळ दुरुस्त करून घ्या. मध्यरात्री ओल्या हातांनी ते वाचताना मला रडू आलं. तक्रार टाकली, क्रमांक मिळाला, नऊ दिवस उत्तर नाही. नऊ दिवस!

शेवटी जास्त पैसे भरून, आठवड्याला एकदा माणूस डायरी वाचतो, अशी सोय घेतली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नुसत्या ॲपवरचा उपचार लोक मध्येच सोडून देतात, माणूस सोबत असला की टिकतात आणि फरकही जास्त पडतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मानसतज्ज्ञ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का आणि त्यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक काय, हे तेवढं आधी विचारून घ्या.

माझी डायरी वाचणाऱ्या मॅडमचा पहिलाच प्रश्न होता, “पाणी किती दिवसांनी येतं? किती वाजता?” मी कागदाचा फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, “हिशेब बरोबर आहे. तान्ह्या बाळासाठी उठणाऱ्या आईची रात्र आपण आजारात धरत नाही. पाण्याची रात्र सरासरीतून काढा.” ८८ झाले. पंधरा मिनिटं मिळाली. ती पंधरा मिनिटं मला पगारवाढीसारखी वाटली.

विचारांचा भाग राहिलाच. “आज झोप नाही, म्हणजे उद्या बिलात चूक होणार” हा विचार मला रोज रात्री यायचा. मॅडमनी पुरावा शोधायला सांगितला. तीन महिन्यांची बिलं काढली, चार चुका सापडल्या, त्यातल्या तीन चांगल्या झोपेनंतरच्या दिवसांच्या. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवलाय.

घड्याळावर मात्र विसंबू नका. हातातलं स्मार्ट घड्याळ नुसतं निपचित पडलेल्यालाही झोप धरतं. माझं रोज तासभर जास्त दाखवायचं. डायरी हाताने लिहा. आणि मन फारच खचलं तर ॲपची वाट न बघता १४४१६ ला फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

मॅडमचा दुसरा प्रश्न मी बरेच दिवस टाळत होते. “घरात चार माणसं आहेत ना? मग पाणी दर वेळी तुम्हीच का भरता?” एका रविवारी जेवताना विषय काढला. हे काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, “आई, तू कधी उठवलंसच नाहीस.”

आता मी रात्री अकरा ते साडेपाच झोपते, प्रश्नावलीत ९ गुण आलेत. मागच्या मंगळवारी सकाळी उठून मोरीत गेले तर पिंपं काठोकाठ भरलेली होती, पाइप गुंडाळून खुंटीला टांगलेला. काकूंची हाक मला ऐकूच आली नव्हती.