आकड्याशेजारचं अक्षर

मे २०११. मराठवाड्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेत मी पाणीपुरवठ्याची माहिती भरून घ्यायला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वर्षी मी जी गावं पाहिली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट होती.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांच्या सेवा मोजायची एक पद्धत घालून दिली. पाणी, सांडपाणी, कचरा आणि पावसाळी गटारं मिळून २८ निर्देशक, त्यातले नऊ पाण्याचे. पाण्याची मानकं अशी: माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, प्रत्येक नळाला मीटर, बेहिशोबी पाणी (म्हणजे चढवलेलं पण विकलं न गेलेलं) फार तर २० टक्के. मग अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या लहानमोठ्या सगळ्याच शहरांची ही माहिती दरवर्षी गोळा करायचं काम हाती घेतलं. पहिल्यांदाच तीस हजार वस्तीचं गाव आपल्यासारख्याच दुसऱ्या गावाशेजारी स्वतःला ठेवून पाहू शकणार होतं. मला हे काम फार मोलाचं वाटत होतं, अजूनही वाटतं.

तर, पाणीपुरवठा अभियंत्यांनी पंपाचं लॉगबुक पुढे केलं. पंप ताशी दोन लाख लिटरचा, रोज सोळा तास चालतो, म्हणजे बत्तीस लाख लिटर. भागिले गावाची वस्ती तीस हजार, माणशी १०७ लिटर. मराठवाड्यातल्या मे महिन्यात १०७! मी विचारलं, "साहेब, हेडवर्क्सवर मीटर आहे का?" हेडवर्क्स म्हणजे जिथून पाणी उपसून गावाकडे सोडतात ती जागा. पंपचालक मामा दारातूनच म्हणाले, "हाय की मॅडम, पर काटाच हालत नाही."

पंपाच्या पाटीवरचा आकडा पंप नवा असतानाचा असतो. पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, इंपेलर, झिजतं, जोर कमी होतो, पाटी तशीच राहते. हे अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. थोडा वेळ ते गप्प बसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या. टाकी मोजू."

ही टाकी मोजायची रीत अगदी साधी आहे. टाकीतून गावाकडे जाणारा व्हॉल्व पूर्ण बंद करायचा, पंप चालू ठेवायचा आणि तासाभरात पाणी किती चढतं ते वरच्या झाकणातून टेप सोडून बघायचं. टाकीचा आतला व्यास बारा मीटर, म्हणजे एक मीटर चढलं की एक लाख तेरा हजार लिटर. आम्ही शिडीने वर गेलो. तासात पाणी सव्वा मीटर चढलं. दोन लाख नव्हे, एक लाख एक्केचाळीस हजार. सोळा तास खरे धरले तरी (भारनियमनात ते खरे असणं अवघडच) दिवसाला साडेबावीस लाख. माणशी ७५ लिटर.

खाली येऊन आम्ही फॉर्म पुन्हा उघडला आणि खरा घोळ तिथे दिसला. गावात एकाही घरी मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठोक. त्यामुळे विकलेलं पाणी अंदाजाने भरलेलं होतं: चार हजार नळजोडण्या, प्रत्येकी रोज सहाशे लिटर, चोवीस लाख. जुन्या हिशोबाने बत्तीस लाखांतून चोवीस लाख वजा केले की बेहिशोबी पाणी २५ टक्के, देशाच्या मानकाच्या जवळपास. नव्या हिशोबाने नगरपरिषद जेवढं पाणी टाकीत चढवत होती त्यापेक्षा दीड लाख लिटर जास्त विकत होती. म्हणजे त्या २५ टक्क्यांखाली जमीनच नव्हती.

पुरवठ्याच्या तासांचंही तसंच. फॉर्ममध्ये 'एक तास' लिहिलेलं. मी शेवटच्या गल्लीत जाऊन बायकांना विचारलं. तिसऱ्या दिवशी येतं, तासभर, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं गढूळ. रोजची सरासरी काढली तर वीस मिनिटं. त्यांच्यापैकी एकीलाही लॉगबुक लागलं नाही.

आकडा खाली गेला की अनुदान जाईल, ही भीती सगळीकडे होती. तेराव्या वित्त आयोगाने सेवांची पातळी जाहीर करण्याची अट घातली होती, तिचा असा अर्थ गावोगावी पोचला होता. खरी अट होती ती पुढच्या वर्षी कुठवर जाणार हे राजपत्रात जाहीर करायची. मी हे परत परत सांगायचे.

पण त्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं, ए ते डी. मीटरने मोजलेलं असेल तर ए, नुसता अंदाज असेल तर डी. अहवाल वाचणारे आकडा वाचतात, अक्षर सोडून देतात. दोन गावांची तुलना करताना मी आधी अक्षर बघते. दोन्हीकडे डी असेल तर कोण पुढे, कोण मागे हे बोलण्यात अर्थ नाही. अभियंत्यांनी १०७ खोडून ७५ लिहिलं आणि शेजारी स्वतःच्या हाताने डी लिहिलं. माझ्या लेखी त्या दौऱ्यातला तो सगळ्यात विश्वासाचा आकडा होता.

पुढे जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यांच्या हातात तक्ते पडले. १३५ च्या रकान्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं, बोट जायचं थेट शेजारच्या गावावर. "त्यांच्या उशाला धरण आहे, आमच्याकडे काय?" ही तक्रार खरीच असते, म्हणून सारख्या वस्तीची, सारख्या स्रोताची गावं एकत्र ठेवावी लागतात. कराडशेजारच्या मलकापूरचं नाव निघालं. तीसेक हजारांचंच गाव, तिथे घरोघर मीटर आणि चोवीस तास पाणी. लगेच कुणीतरी म्हणालं, कोयना आहे त्यांना. आमचे अभियंते मागून म्हणाले, "पाणी कोयनेचं आहे हो, मीटर तर त्यांनीच बसवलेत ना? मीटर आला की नळाला तोटी येते." त्यांच्या गावात निम्म्या नळांना तोटीच नव्हती.

एक प्रश्न टाकीवर सुटला नव्हता. तासाला साठेक हजार लिटर जात कुठे होते? झिजलेल्या पंपात की वाटेतल्या पाइपात? टाकी मोजली त्याच दिवशी ऊन उतरल्यावर अभियंते, मामा आणि मी हेडवर्क्सपासून टाकीपर्यंत पाइपलाइनच्या कडेने चालत निघालो. दोन्हीकडे काळी, भेगाळलेली रानं. अर्ध्या वाटेवर ओढा लागला, आणि तिथे पाइपातली हवा सोडणाऱ्या एअर व्हॉल्वच्या भोवती गुडघाभर हिरवं गवत. मामा म्हणाले, इथं बाराही महिने म्हशी असतात.

अभियंत्यांनी चपला काढल्या, गवतात शिरले आणि घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून फिटरला फोन लावला.